देठ टोचतो म्हणून

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात).

तुझे गुडघे कसे आहेत? डावा कुरकुरत होता, आता उजव्यानेही त्याची री ओढली का, ते सविस्तर कळव. का विचारते ते पुढे येईल. इकडे सगळे ठणठणीत. तुझा भाऊ तर जरा जास्तच.

माझं काम तुला एकदा नीट सांगते. टोमॅटोच्या देठावर मध्ये एक गाठ असते. फळ ओढलं की देठ तिथे मोडतो आणि अर्धा फळाबरोबर येतो. पेटीत तो शेजारच्याला टोचतो आणि नासाडी सुरू होते. काही झाडांच्या जनुकातच असा फरक असतो की ही गाठ धरतच नाही. देठ झाडावर राहतो, फळ गुळगुळीत हातात येतं. असा वाण काढायला आम्ही काचघरात घाम गाळतोय. (मागे दोन वाणांचा संकर केला, तर नुसते फुलांचे झुबके. फळ औषधालाही नाही. आमच्या प्रमुख मॅडम आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत.) यंदा कुठे फळं धरली. कुठल्या झाडाचं फळ देठासकट येतं आणि कुठल्याचं बिनदेठाचं, एवढंच बघायचं होतं, आणि त्यावर माझी नोकरी कायम होणार होती.

मंगळवारी मी दाढ दाखवायला गेले आणि बाबा माझा डबा घेऊन काचघरात आले. जन्मभर बाजारात पेट्या भरलेला माणूस, लाल टोमॅटो बघून हात शिवशिवले. पोरीचं काम हलकं करावं म्हणून पिकलेली सगळी फळं तोडली आणि सवयीने एकूण एक देठ काढून टाकला. झाडावर उरलेले खुंट ओंगळ दिसतात म्हणून तेही कात्रीने साफ! मी परतले तर मॅडम टोपल्यांपुढे उभ्या, डोळ्यांत पाणी. एकाही फळाला देठ नाही. मोठ्या साहेबांना फोन गेला, केकही सांगून झाला. मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "मॅडम, देठ राहिला की टोचतो हो. मी सगळे काढलेत, तुम्ही निर्धास्त राहा."

मॅडम खताच्या पोत्यावर बसल्या. केक आला, तो कुणी कापला नाही. मला हिरवी फळं पिकेपर्यंत मुदत मिळाली आहे.

तुझी भाची

ता. क. खरं काम हे की तू आजारी पड. दोन्ही गुडघे गेले म्हणून फोन कर आणि फळं पिकेपर्यंत भावाला तिकडे बोलावून घे.

आणखी ता. क. बोलावू नकोस. मी रागावल्यापासून बाबा डबा फाटकावर ठेवून परत जातात. आई गेल्यापासून घरात गप्प असणारा माणूस त्या मंगळवारी शीळ घालत घरी आला होता गं. मला फार वाईट वाटतंय. उद्यापासून त्यांना आत घेणार आहे, हात खिशात ठेवायच्या अटीवर.

(बाबांच्या अक्षरात) ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गुडघ्यांना तेल लाव. मला यायला जमणार नाही. फळं पिकत आलीत, आणि पोरीला एकटीला उरकणार नाही.