भिंतीवरचं बटण

मंगळवार, संध्याकाळ

जिंकलो! आणि तेही एका ओळीवर.

वधूवर केंद्राच्या जोशीबाई माझा प्रोग्राम वापरतात. नव्या मुलीची पत्रिका घातली की तो ती सगळ्या मुलांशी जुळवून बघतो. त्याला मिनिटभर लागतं, आणि तेवढा वेळ पडदा नुसता गोठलेला. मग बाई सरळ भिंतीवरचं बटण बंद करायच्या. "बंद पडलं होतं हो तुमचं." झालेली जुळवणी पाण्यात. मी 'कृपया थांबा' टाकून पाहिलं, तर म्हणाल्या, "इथे येणारे चार-चार वर्षं थांबलेत. त्यांना तुम्ही आणखी काय शिकवणार?"

किती चिडलो होतो त्यांच्यावर! पण मुका प्रोग्राम लिहिला कोणी? मीच ना?

आज नवा घालून दिला. जुळवणी मागे चालू राहते आणि पडद्यावर आकडा सरकतो: '३१० पैकी ४२ पत्रिका पाहून झाल्या.' कात्रजहून मुलीसाठी आलेल्या एक आई समोर बसल्या होत्या. त्याही मान वाकडी करून वाचायला लागल्या. "शंभर झाल्या," त्या पुटपुटल्या. तेवढ्यात बाईंचा हात भिंतीकडे गेला. पुन्हा तेच बटण? मी खुर्चीतून अर्धा उठलोच.

खट्.

पंखा फिरायला लागला.

"बसा निवांत," बाई त्या आईंना म्हणाल्या, "अजून दोनशे मुलं बघायचीत त्याला."