सोळा बॅटऱ्या आणि एक नमदा

९ जानेवारी

चार मिनिटं! यूपीएसच्या पडद्यावर पंचावन्न मिनिटं दाखवत होतं आणि चाललं चार मिनिटं. सकाळी वीज गेली तेव्हा काचपेट्यांत तीन बाळं होती. पाचव्या मिनिटाला सगळं गार. आमचा जनरेटर या थंडीत पंचवीस मिनिटांशिवाय धरत नाही, मेकॅनिक जानिबेकला आधी इंजिनाला खालून शेक द्यावा लागतो. तेवढा वेळ बात्माने आणि आणखी दोन नर्सनी बाळं उघड्या छातीशी धरून ठेवली. तिन्ही वाचली. आमची हुशारी नाही, नशीब.

मग मी यूपीएस उघडला. त्याच्यावर जाडजूड लोकरीचा नमदा पांघरलेला, हवेची सगळी भोकं बंद! आतल्या सोळा बॅटऱ्या उकडून निघालेल्या, चार तर नानसारख्या टम्म फुगलेल्या. कुणा अकलेच्या कांद्याचं हे काम? सापडू दे एकदा!

१० जानेवारी

मोठे डॉक्टर मेदेर ओरोझोविच म्हणाले, "फुगलेल्या चार बदल. बाकीच्या बारांना काय धाड भरलीय?"

म्हटलं, बारा म्हाताऱ्या घोड्यांबरोबर चार तरणे जुंपलेत तर महिन्याभरात तरणेही बसतील. घेतल्या तर सोळा, नाहीतर एकही नको.

"कालिपा, मुख्य डॉक्टर तू की मी?"

"तुम्ही. पण बाळं पाचव्या मिनिटाला गार पडली, ती तुमच्या पदव्या बघून नव्हे."

बात्मा मागून माझं जाकीट ओढत होती. ओढू दे!

शेवटी असं ठरलं. प्रांताचं कार्यालय सोळा बॅटऱ्या देईल, पण नुकसानीच्या तक्त्यात दोषी माणसाचं नाव हवं. ज्याचं नाव, त्याच्या माथी दंड, आणि तो इथला असेल तर नोकरीही जाईल. वीस तारखेपर्यंत नाव गेलं नाही तर बॅटऱ्या परत. मी टेबलावर हात आपटला. "नाव मी देते!"

१३ जानेवारी

पहारेकरी म्हणतो मी नाही. जानिबेक आईची शपथ घेतो. स्वयंपाकीण तर रडायलाच लागली. बाजारातसुद्धा सांगून ठेवलंय, राखाडी नमदा, लाल शिवण, कुणाचा असेल त्याने समोर यावं. सोडणार नाही मी.

१५ जानेवारी

बॅटऱ्या आल्या. ठिणगी नको म्हणून अंगठी काढली, बांगडी काढली, एकेक बॅटरी मीटरने मोजून घेतली. सगळ्या एकसारख्या. जुन्या बाहेर काढताना नखं तुटली, फुगलेल्या चार तर खणात घट्ट रुतल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सोळाही जोडून चार्जिंगला लावल्या. पाठ मोडली. मस्त वाटतंय.

१६ जानेवारी

नव्या बसवूनही पडदा चार मिनिटंच दाखवतो! मेदेर ओरोझोविचनी सगळ्यांसमोर विचारलं, "नव्या बॅटऱ्या आणि चार मिनिटं? जुन्याच पुसून बसवल्यास की काय?"

अकरा वर्षांत मला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

सांगितलं, जुन्या त्या दिवशी चार मिनिटांत संपल्या, यंत्र अजून त्याच हिशोबाने बोलतंय. एकदा पूर्ण भरून, पूर्ण रिकामं केलं की त्याला नव्यांची ताकद कळेल. कॅलिब्रेशन म्हणतात याला.

"म्हणजे भरलेल्या बॅटऱ्या मुद्दाम रिकाम्या करायच्या?"

"हो. उद्या. तुमच्यासमोर."

१७ जानेवारी

काचपेट्या थेट विजेवर लावल्या, जनरेटर आधीच गरम करून ठेवला. तिन्ही पेट्या मिळून जेवढा भार, तेवढाच स्वयंपाकघरातल्या विजेच्या समोवारचा, म्हणजे चहाचं पाणी उकळायच्या बंबाचा. तो आणून यूपीएसला जोडला आणि भिंतीतला प्लग काढला. हॉस्पिटलभर बातमी पसरली, कालिपाताई यूपीएसवर चहा करतेय! समोवार थांबू नये म्हणून मी पाणी ओतत राहिले आणि बात्मा वाटत राहिली. दहा मिनिटं. वीस. पंचविसाव्याला जानिबेकने टोपी उडवली.

एक्केचाळीस मिनिटं!

मेदेर ओरोझोविचनी तीन वाट्या चहा घेतला. माफी मागितली नाही. तिसऱ्या वाटीला "बरा झालाय" म्हणाले. दुपारी पुन्हा पूर्ण भरल्यावर पडदा बघितला, एक्केचाळीस. आता खरं बोलतो.

राहिलं ते नाव.

१९ जानेवारी

एक म्हातारी आली, वरच्या गावची उल्कान आजी. दोन बस बदलून. सोबत दोन वर्षांचा नातू, एल्दियार. कार्टं जिन्यावरून तीनदा पडलं आणि तीनदा हसलं.

"नमद्याच्या मालकाला शोधताय म्हणे? मीच ती. परत द्यायचा असेल तर नको. राहू द्या तिथेच."

तोंडापर्यंत आलेलं सगळं मी गिळलं. विचारलं, का घातलात?

"हा त्या काचेत होता ना, दोन हिवाळ्यांमागे. भिंतीला आतून बर्फ धरला होता. बात्मा म्हणाली, याची ऊब त्या यंत्रातून येते. म्हटलं, मग त्या बिचाऱ्याला कोण ऊब देणार? पाळण्याखाली घालायला केलेला नमदा आणून घातला."

आमच्याकडे आजारी वासराला नमदा, पाण्याच्या नळाला नमदा, मोटारीच्या इंजिनाला नमदा. यंत्र तेवढं कसं सुटेल? चहा पाजला. बसपर्यंत सोडून आले.

२० जानेवारी

काल एक लिहायचं टाळलं. बसमध्ये चढताना आजी म्हणाली, "तू दारातच उभी होतीस की, पोरी. मी पांघरत होते तेव्हा एक टोक तूच खाली ओढलंस. म्हणालीस, बरं केलंत." बस गेल्यावर ते टोक मला आठवलं.

तक्ता भरून दिला. दोषी व्यक्ती: कालिपा सिदिकोवा, वीज-तंत्रज्ञ. मेदेर ओरोझोविच दोनदा वाचून म्हणाले, "खोडून टाक." नाही खोडलं.