निळे ओठ

सोलापूर, मंगळवार, मार्च १९७४

आजही तेच! मिलमधली रात्रपाळी करून आलेले हे दवाखान्याच्या बाकड्यावरच झोपले आणि घोरायला लागले. मग घोरणं थांबलं, श्वासही थांबला आणि ओठ निळे पडले. रोज दुपारी घरी हेच बघते मी. सासूबाई मात्र खूश, लेकाला कशी गाढ झोप लागते म्हणून.

म्हटलं, आज डॉक्टरांनाच दाखवावं. धावत आत गेले. "साहेब, लवकर चला, बघा!" बिचारे उठलेही. पण कंपाउंडरनं त्याआधीच ह्यांना हलवलं, "ओ मामा, उटा की, सायेब आले!" हे दचकून उठले ते हात जोडूनच उभे. ओठांवर रंग परत!

डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, वाढलेलं निघालं. "रक्तवाहिन्या आवळल्यात. मीठ कमी करा." मी विचारलं, श्वास अडकतो तेव्हाच त्या आवळत असतील का? रोज आवळून आवळून तशाच राहत असतील? ते हसले. "बाई, घोरण्यानं कुणी मरत नाही."

म्हणजे दोष मिठाचा. आणि ते निळे ओठ? ते दाखवायचे तर ह्यांनी झोपायला हवं. हे मरतील, पण साहेबांसमोर झोपायचे नाहीत.