ना किडा, ना गांडूळ

ती. आत्यास,

जो गुडघा दुखत नसेल त्या पायाला नमस्कार. (दोन्ही दुखत असतील तर लांबूनच.) काकांचा खोकला आणि त्या खोकल्याबद्दलची तुझी तक्रार, दोन्ही उतरणीला लागली असतील अशी आशा करते.

मी खुशाल आहे, पण आमच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात भलतंच घडलं. कुंड्यांसाठी आणलेल्या ओल्या शेवाळातून एक पाहुणी निघाली. बोटभर लांब, अंग मखमलीचं, खाली गुबगुबीत पायांच्या जोड्या. तिला मखमली अळी म्हणतात, पण ती अळी नव्हेच. कीटकवाले साहेब म्हणाले, "पायांना सांधे नाहीत, आमच्यात बसत नाही." गांडूळवाले साहेब (तोंडावर असं म्हणायचं नसतं) म्हणाले, "हिला पाय आहेत, श्वास कीटकांसारखा नळ्यांनी घेते. आमच्यात कशी?" दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं आणि तेही त्या बिचारीच्या मुळावर आलं. कारण संचालकबाईंनी फर्मावलं, ज्याला खातं नाही त्याला कपाट नाही. सोमवारपर्यंत कुणी घेतली नाही तर स्पिरिटच्या बाटलीत घाला. जिवंत जीव गं! पुस्तकं उपसून मी सांगत सुटले की हिचा संघ, म्हणजे प्राण्यांचा मोठा गटच, वेगळा, कीटक हिचे लांबचे चुलत आणि गांडुळांशी तर नुसती तोंडओळख. पण मी पडले पाट्या लिहिणारी, मला कोण विचारतो?

सोमवारी दोघे साहेब तिला शेवटचं बघायला वाकले आणि डोक्याला डोकं लावून तिथेच भांडू लागले. तिने तोंडाच्या दोन्ही बाजूंनी चिकाच्या अशा पिचकाऱ्या सोडल्या की एकाची दाढी आणि दुसऱ्याचा चष्मा एकजीव! ओढावं तर दाढीवाले बोंबलतात, सोडावं तर चष्मेवाले. शेवटी आमच्याकडे पेट्या-कपाटं करणारे सुतार आहेत, त्यांनी कात्री आणली आणि गंभीरपणे विचारलं, "काय वाचवायचं, साहेब?" संचालकबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "हिला कुणाच्या खात्याची गरज दिसत नाही. स्वतंत्र पेटी करा."

ती पेटी आता दोन्ही दालनांच्या मधोमध आहे, वर पाटी माझी: 'हिचा संघ स्वतंत्र आहे.' तिला पिल्लंही झाली, अंडी न घालता, थेट. दोघे साहेब पाळीपाळीने पाणी शिंपडतात आणि पाहुण्यांना 'आमची, आमची' म्हणून दाखवतात.

तुझी,
भाची

ता.क. पिल्लांना जागा पुरत नाही. तुझी न्हाणी थंड, ओली, अंधारी. काही दिवस ठेवशील ना? डबा घेऊन रविवारी ते कात्रीवाले सुतार येतील.

ता.क. दुसरा. पिल्लं हे निमित्त गं. माणूस नीट बघ आणि मला खरं काय ते कळव. (आईला एवढ्यात नको.) तो कमी बोलतो, तेव्हा काकांना जरा आवर. पसंत पडला तर जेवायला थांबव. नाही पडला तरी थांबव, फार लांबून येतोय.