बारा-अठरात न बसणारं बंदर

तीर्थस्वरूप हिरामणमामांस,

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सृष्टीनं माझ्या हातातला खोडरबर काढून घेतला आणि माझं आयुष्य तिथून वळलं. हे आधी सांगून मोकळा होतो, आता राजूचा साष्टांग नमस्कार घ्या. तुमची कंबर कशी आहे? मैनामामींचा खोकला गेला का? मी मजेत. (कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही. हा फरक आईला तुम्हीच समजावा. मी सांगायला लागलो की ती कुकरच्या शिट्ट्या मोजते.)

खंडेरावांच्या फ्रेमच्या दुकानात मी लागलो, हे तुम्हाला कळलं असेलच. आमच्याकडे देव येतात, बारा बाय अठराच्या तयार चौकटीत बसतात आणि घरोघर जातात. त्यात सृष्टी (शाळेत चित्रकला शिकवते, गाडी लावून निघताना दोनदा मागे वळून बघते, पण गाडीकडे) तिच्या सरांनी दिलेलं एक चित्र घेऊन आली. दीडशे वर्षांपूर्वीचं, परदेशातलं बंदर. काळ्या रेघा, आणि रेघांना काजळ फिसकटल्यासारखी कड. मला वाटलं मळ. मी सेवाभावानं खोडायला घेतलं, पुढचं वर आलंच आहे.

मग तिनं समजावलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं सरळ ओरखडायचं. नांगराच्या तासाला कडेनं माती वर येते ना, तशी रेघेच्या कडेनं तांब्याची बारीक धार वर येते. शाई तिच्यात अडकते, म्हणून रेघ मखमली उमटते. छापता छापता ती धार दबत जाते, म्हणून चांगले छाप थोडेच निघतात. मामा, तेव्हापासून मी बघतोच आहे. डोलकाठ्या द्राक्षबागेतल्या लोखंडी अँगलसारख्या दाट. दोरखंड, पिंपं, टोपलीवाली बाई. आपल्या गंगेकाठच्या बुधवारच्या बाजाराएवढी गर्दी, पण एक माणूस आपल्याकडे बघेल तर शपथ, सगळ्यांना काम आहे. एका हमालाच्या पाठीवरचं पोतं इतकं जड, की मी नकळत खांदा पुढे केला. ज्यानं हे काढलं त्याला खोडायची फारशी सोय नव्हती. (आणि खोडरबर घेऊन गेलं कोण, तर मी.)

आज दुपारी खंडेरावांनी त्यावर पट्टी ठेवली. पत्र्याच्या दाबानं कागदात चौकोनी खाच पडते, ती अस्सल छापाची खूण. यांना ती खराबी वाटली. खाचेसकट कड कापली की बारा-अठरात बसेल म्हणे.

"अरे, देव बसतात, मग जहाज का नाही बसणार?"

माझं डोकं तुम्ही जाणता. त्यापेक्षा माझा हात कापा, म्हणालो.

"तुझ्या हाताला गिऱ्हाईक नाही, राजू."

माणूस वाईट नाही, सोळा वर्षांत त्यांनी एक काच तडकू दिलेली नाही. पण जेवून आले की कापणार. ते जेवायला गेलेत, मी लिहितोय, ब्लेड माझ्या खिशात आहे.

आपला भाचा,
राजू

ता. क. : तुम्ही तुमच्या रंध्यानं सागाची चौकट करून द्याल ना? सतरा बाय तेवीस. काच कागदाला टेकू नये, आणि कागदाला कुणी हात लावू नये, मामींनीसुद्धा.

ता. क. २ : सृष्टीला फोन केला. मामांकडे घेऊन जा, म्हणाली, गाडीत मांडीवर सपाट धर.

ता. क. ३ : वर लिहिलं नाही ते लिहितो. ती म्हणाली, "राजूदादा, इतकं नीट हे चित्र आमच्या सरांनीपण पाहिलं नसेल." पहिल्या शब्दानं झोपवलं, बाकीच्यांनी उठवून बसवलं. चित्र तरीही कापू देणार नाही.

ता. क. ४ : हे पत्र पोस्टानं येणार नाही, कळवणच्या गाडीनं मीच आणतोय. तोंडानं सांगताना मी मध्येच भांडण काढतो. तुम्ही वाचा, मी बाहेर लाकडाच्या भुशावर बसतो. ब्लेड गल्ल्याशेजारी परत ठेवलंय. चित्र दोन पुठ्ठ्यांत घेतलंय. जिन्यात खंडेरावांची चप्पल वाजतेय. मागच्या दारानं निघालो, दार ओढून घेतो.