साहेबाच्या कोठीतलं धुराडं

१४ डिसेंबर, अमरावती

सर, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. माफ करा. तुमच्या शेवटच्या काही महिन्यांतही लिहिली नव्हती. कामाच्या व्यापात राहून गेलं, असं मी लोकांना सांगते. तुम्हाला तसं सांगणार नाही.

कॅम्पातल्या साहेबाच्या कोठीची दुरुस्ती चालू आहे. छपराचं काम झालं, आता आतल्या भिंती. दारात लागायच्या माहितीफलकाचा मजकूर माझा आहे, कारण या कोठीवर बोलायला आता मलाच बोलावतात. कापसाच्या गठाणी विलायतेला पाठवणाऱ्या एका साहेबानं इथल्या काळ्या दगडात आपल्या मुलखातल्या जमीनदाराचं घर उभं केलं: पुढे फुगीर खिडकी, मधोमध उंच दालन, दिवाणखान्यात भिंतीतली दगडी शेकोटी. तिकडे अशी घरं कुळांच्या खंडावर बांधली जात आणि लांबून येणाऱ्याला धाक बसावा अशीच त्यांची मांडणी असे, हे तुम्ही शिकवलंत. पुढची बाजू बघून भुलू नका, आधी मागचा जिना शोधा, असंही म्हणायचात.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी त्या मागच्या जिन्यावर दोन पानं लिहिली, एका जुन्या फोटोवरून. तुम्ही मला अकोल्याच्या वर्गात उभं करून ती मोठ्यानं वाचायला लावली. मग वही घेतली, दोन्ही पानं फाडली आणि विचारलं, "फोटोतल्या जिन्यावर चढली काय वं तू?" शिकवताना तुमची मराठी छापील असायची, रागावलात की वऱ्हाडी. वर्ग हसला. पुढच्या आठवड्यात तुम्ही आम्हाला एसटीनं इथे आणलं. एप्रिल होता. बाकीचे कडुनिंबाखाली डबे उघडून बसले आहेत आणि तुम्ही माझ्या हातात काठोकाठ भरलेली बादली देता. "मांगच्या जिन्यानं वर जाय. सांडू नको. सांडली का पुन्हा." जिना दोन भिंतींमध्ये कोंबलेला, अंधारा, खिडकी नाही. पाणी वाहणारे, राख उचलणारे नोकर पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणूनच तो बांधलेला. वळणावर बादली भिंतीला लागते, पाणी माझ्या सलवारीवर सांडतं, मी खाली येते. पाच वेळा. पाचव्यांदा कडुनिंबाखालून कोणीतरी ओरडलं, "मडमसायेब, आंघोळीचं पानी तापलं काय?" आणि तुम्हीही हसलात. सहाव्या खेपेला बादली वर पोचली. त्या वळणाची रुंदी माझ्या कोपराला अजून आठवते. त्या घराबद्दल मला जे काही खरोखर कळलं आहे ते त्या दुपारी कळलं, हे लिहायला मला जड जातं. परतीच्या एसटीत तुम्ही तुमची चामडी डबीतली मोजपट्टी माझ्या मांडीवर ठेवलीत. "हात लावल्याबिगर लिवू नको," एवढंच म्हणालात. मोजपट्टी मी ठेवून घेतली. बादलीही मनात ठेवून घेतली असणार, कारण सतरा वर्षांनी ती बाहेर निघाली.

तुमच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता. कोठीवरचं तुमचं छोटं पुस्तक त्याच दिवशी नव्यानं छापून आलेलं. त्यात एक अख्खं पान त्या शेकोटीवर होतं: थंडीत साहेबाचं कुटुंब तिच्याभोवती कसं बसत असेल, लाकूड मेळघाटातून कसं उतरत असेल. मी बोलायला उभी राहिले. गौरवाची चार वाक्यं झाल्यावर म्हटलं की ती शेकोटी निव्वळ देखाव्याची आहे, तिला धुराडंच नाही, विलायती घराची हौस म्हणून भिंतीत केलेला तो कोनाडा आहे, आणि आमच्या सरांनी कधी न पेटलेल्या आगीवर एक पान शेकलं आहे. हे शेवटचं वाक्य मी घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "अमरावतीच्या उन्हात सायबाले शेकोटी कायले लागते, बाप्पा!" सभागृह खदखदलं. तुम्ही माईक मागून घेतलात. "हात घालून पाह्यला काय वं?" मी म्हटलं, "हो सर." तुम्ही समोरचे हार बाजूला सरकवलेत. "मले वाटते, मी घातला होता. वर फट लागली होती. पन लई वर्सं झाले आता. तू हात घालून सांगतं, म्हंजे माहंच चुकलं." लोकांनी तुमच्या मोठेपणाला टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

महिन्याभरानं माझा त्या खोट्या शेकोटीवरचा लेख छापून आला आणि मी पेढे घेऊन तुमच्या घरी आले. पेढे घेऊन. काकू भरीतासाठी वांगी भाजत होत्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून, पुस्तकांच्या गठ्ठ्यातली एकेक प्रत मांडीवर घेऊन, पट्टी धरून लाल पेनानं एकच पान खोडत होतात. काकू म्हणाल्या, "दोन दिवसापासून हेच करून राह्यले. मी म्हनलं, द्या ना रद्दीत सगळे. तं म्हनते, बाकीचं खरं हाय." तुम्ही वर पाहिलं नाहीत. "पेढा तिथं ठेव," म्हणालात आणि पुढची प्रत उघडलीत. फेब्रुवारीत तुम्ही गेलात. मी अंत्यविधीला आले, पुढच्या रांगेत उभी राहिले, आणि पेपरात तुमच्यावर लिहिलं ते चांगलं लिहिलं होतं असं अजून लोक सांगतात.

आज दुपारी मिस्त्रीनं हाक मारली. "मॅडम, इकडं या. वरतून हवा येऊन राह्यली." शेकोटीच्या आत, हातभर उंचीवर, एक फरशी आडवी बसवून खालून गिलावा केलेला होता. कधीतरी छपराचे पत्रे बदलताना वरचं धुराडं पाडलं असेल आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्याचं तोंड असं बुजवलं असेल. खालून उजेड मारला तर सपाट गिलावाच दिसतो. मागच्या कडेला मात्र बोटभर फट राहून गेलेली होती, हात घातला तरच लागणारी. मिस्त्रीनं फरशी काढली तेव्हा काजळीचे पापुद्रे खाली आले. "रग्गड लाकूड जळलं हाय इथं," तो म्हणाला. मी हात घातला. कोपरापर्यंत काळा झाला. मग त्यानं विचारलं, "बुजवू का तसंच ठेवू? सकाळी आठले माल कालवतो." फलक तयार होऊन व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्यावर तिसऱ्या ओळीत 'देखाव्याची शेकोटी' असं कोरलेलं आहे. मिस्त्रीला त्याचं काही नाही, तो वाचणारही नाही. मी म्हटलं, "बुजवून टाका." म्हणायला अजिबात वेळ लागला नाही. नळावर हात धुतले. घरी येऊन पुन्हा धुतले. नखांत अजून आहे.

सर, तेव्हा मी हात घातला नव्हता. खाली वाकून टॉर्च मारला होता. आत पाल असेल, अशी भीती वाटली.

हे पत्र काकूंच्या पत्त्यावर पाठवता येईल. काकू अजून आहेत आणि त्यांना वाचता येतं, म्हणून पाठवणार नाही.

उद्या: मिस्त्रीनं माल कालवायच्या आधी, आठच्या आत, कोठीवर पोचणे.