मशिन व्हॅक्यूम धरत नाही

२ एप्रिल, मंगळवार

आले एकदाची. सामान उतरवताना टेम्पोवाल्याने विचारलं, मिस्त्री कुठे आहेत? म्हटलं, तुमच्यासमोरच उभे आहेत. बिचारा व्हॅक्यूम पंप माझ्या हातात देताना नुसता माझ्याकडे बघत राहिला.

हे मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, दोन मजली, बरेच महिने बंद पडलेलं. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू होणार, त्याआधी एसी चालू करून द्यायचा. मशिन एकच, पण अवाढव्य, तळमजल्यावर मशिनरूममध्ये. तिथून थंड हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते आणि छताजवळच्या जाळ्यांतून बाहेर पडते. मला राहायला वरची पाहुण्यांची खोली दिली आहे. पलंग, टेबल, भरपूर उजेड. राणीचा थाट.

हे होते तेव्हा मी नुसती हाताखाली होते. पाना दे, बॅटरी धर. आता एवढं काम एकटीने घेतलं. ह्यांना बघायला हवं होतं.

लेकीला फोन केला. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात ती खारू. म्हणाली, सुट्टीत तुझ्याकडे येऊ का? मी नेहमीचंच म्हटलं. नको गं, मी मजेत आहे, तू अभ्यास कर.

४ एप्रिल, गुरुवार

जुना गॅस कधीच उडून गेला होता. कुजलेला पाइपचा तुकडा कापला, नवा जोडला. मग सगळ्या पाइपांत नायट्रोजन दाबून भरला आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. आज सकाळी पाहिलं, दाब कालच्या जागी. जोड असावा तर असा.

इथे आणखी एकच माणूस, गेटवरचे वॉचमनकाका. त्यांना बोलायला फार आवडतं. म्हणतात, घरी बायको बोलू देत नाही आणि इथे ऐकायला कोणी नाही. हसून हसून पोट दुखलं. चहा घेऊन येतात, कप रिकामा झाला तरी तासभर बसतात. मला बरं वाटतं. एवढ्या खोल्या, आणि त्यांत आपल्याच चपलांचा आवाज.

५ एप्रिल, शुक्रवार

नायट्रोजन सोडून दिला आणि व्हॅक्यूम पंप लावला. आतली हवा आणि ओल पार ओढून काढायची, मग व्हॉल्व्ह बंद करून गेजकडे बघत बसायचं. काटा जागचा हलता कामा नये. हलला. हळूहळू वर चढत गेला.

ओल राहिली असेल म्हणून पंपाचं तेल बदललं, पुन्हा नायट्रोजन फिरवला, पुन्हा पंप. पुन्हा तेच. गंमत अशी की दाब भरला की मशिन तो घट्ट धरतं. रिकामं केलं की मात्र काहीतरी आत घेतं. आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत जातं. असं भोक मी आजवर पाहिलं नाही.

गाणं गुणगुणत काम करायची सवय आहे. आज मध्येच माझं मलाच ऐकू येईना. कानात दडा बसला असेल.

६ एप्रिल, शनिवार

काका चहा घेऊन मशिनरूममध्येच आले आणि आपल्या लग्नातली फजिती सांगत बसले. माझं लक्ष गेजवर. ते बोलत तोवर काटा चढायचा, श्वास घ्यायला थांबले की थांबायचा. मी हे त्यांना गमतीने सांगितलं. ते म्हणाले, बघा, तुमच्या मशिनलासुद्धा माझ्या गोष्टी आवडतात. आणि आणखी रंगात आले.

जाताना त्यांचा घसा बसला होता. धूळ फार आहे इथे.

ते गेल्यावर पुन्हा पंप चालवला. आता काटा मेखेसारखा स्थिर. गॅस वजन करून भरला, मशिन सुरू केलं. पाइपवर घाम आला, जाळ्यांतून गार हवा येऊ लागली. केंद्राच्या साहेबांना फोन केला, ते खूश.

८ एप्रिल, सोमवार

काल काका आले नाहीत. आज आले, पण बोलत नाहीत. घशाकडे बोट दाखवून हात हलवतात. नुसती तोंडाची उघडझाप, कुजबूजसुद्धा नाही. गरम पाण्याच्या गुळण्या करा म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांना घरी पाठवलं.

दुपारी वरच्या हॉलमध्ये हवा मोजत होते. जाळीतून काका बोलले.

घरी बायको बोलू देत नाही आणि इथे ऐकायला कोणी नाही.

मी हाक मारली. खाली जाऊन आले. गेटला कुलूप. इमारतीत मी एकटीच.

९ एप्रिल, मंगळवार

मशिन बंद केलं. पंखाही बंद. तरी जाळी बोलते. काका सगळ्या गोष्टी सांगतात, लग्नाचीही. मध्येच थांबतात, जणू मी हसायची वाट बघतात.

चौकशी करत त्यांच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, डॉक्टरांना घशात काहीच सापडत नाही. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाळीस वर्षं ह्यांना गप्प बसा म्हणत आले, असं म्हणून काकू रडल्या.

साहेबांना सगळं सांगून निघून जाता आलं असतं. पण ते मशिनमध्ये मी भरलंय. मीच काढणार.

१० एप्रिल, बुधवार

गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घेतला. वाटलं, मशिन रिकामं झालं, उघडं केलं की काकांचं काकांना मिळेल. नट सैल केला.

बाहेर काही आलं नाही. आत गेलं. पाना फरशीवर पडला, आवाज नाही. मी ह्यांना हाक मारली. का मारली कोण जाणे. किती दिवसांत मोठ्याने मारली नव्हती. ती ओठांतून निघालेली कळली, कानांपर्यंत आली नाही.

आता घसा —

दुखत नाही. काहीच नाही तिथे.

११ एप्रिल, गुरुवार

खारूचा फोन. खोलीत होते. उचलला, बोलता येईना. ती आई, आई म्हणत राहिली. कापणारच होते, तेवढ्यात डोक्यावरच्या जाळीतून मी बोलले.

खारू, ये गं. फार एकटी आहे मी. कधी म्हटलं नाही तुला, पण संध्याकाळी घर खायला उठतं. ये ना.

माझाच आवाज. वाक्यं मी कधी उच्चारलेली नाहीत. मनात मात्र —

खारू रडत होती. म्हणाली, उद्या दुपारी पोचते.

फोन कापला. लगेच लिहून पाठवलं, येऊ नकोस, मी ठीक आहे. तिचं उत्तर आलं, तू नेहमी हेच म्हणतेस. आज पहिल्यांदा खरं बोललीस. मी येतेय.

आवाज माझा नव्हता, असं लिहिलं. इमारतीत पाऊल टाकू नकोस. तिचं उत्तर, आई, असं काय करतेस? झोप शांत. आले की बोलू.

बोलू.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळपासून गेटवर. मागच्या रस्त्यालाही बसथांबा आहे, म्हणून मागचं दार आतून बंद केलंय. तिचा फोन लागत नाही, बसमध्ये असेल.

जाळ्या बोलताहेत. काका लग्नाची गोष्ट सांगतात. मी हसते. इथवर ऐकू येतं. माझं हसू इतकं मोकळं कधी —

ऊन चढलं. रस्त्यावर कोणी नाही.

बस येऊन गेली. ती उतरली नाही.

आत मी म्हणतेय, आलीस? मागून ये गं, दार ढकल, कडी मोडकीच आहे.

कडी मोडकी आहे? मला माहीत नव्हतं —

वरच्या खिडकीत खारू. पाठीवर सॅक. ती वर जाळीकडे बघून हसतेय. बोलतेय. खूप बोलतेय. मी गेट बडवते, खिडकीवर दगड मारते, ती खाली बघत नाही. पानावर मोठं लिहून धरते, एकदा तरी बघेल —

खारू, बोलू नकोस. तोंड मिट आणि खाली ये. मी इथे आहे, बाहेर, गेटपाशी. वर जी बोलतेय ती मी ना